पदवीच्या नावातलं विशेषण

परवा मिरजेच्या एका विद्यार्थिनीने मला दोन माहितीपत्रकांचे फोटो पाठवले. बी.ए. अर्थशास्त्र झालंय, पुढे पीएच.डी. करायची इच्छा आहे, आणि करायचं ते ‘काहीतरी स्पेशलाइज्ड’ हवंय. पहिला पर्याय घराजवळचा: एसटीच्या पासवर जाता येईल अशा कॉलेजातलं साधं एम.ए. अर्थशास्त्र. दुसरा पुण्यातल्या एका खासगी संस्थेचा एम.एस्सी., ज्याच्या नावात ‘इकॉनॉमिक्स’च्या आगेमागे मिळून चार शब्द. फी वर्षाला अडीच लाख, हॉस्टेल वेगळं. “दादा, वडील म्हणतात यंदा हळदीला बरा दर मिळालाय, जा पुण्याला. पण ते पैसे नेमके कशासाठी द्यायचे, तेच मला कळत नाहीये.”

संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने फी भरायच्या आधी हाच प्रश्न विचारायला हवा. म्हणून उत्तर तिला एकटीला न पाठवता सगळ्यांसाठी लिहितोय. आधी एक सांगून टाकतो. मी अर्थशास्त्राचा नाही. संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आता पिकांच्या उत्पादनाचे अंदाज कितपत चुकतात यावर पीएच.डी. करतोय. त्यामुळे अर्थशास्त्राचा अभ्यासक्रम मी बाहेरच्या माणसासारखा वाचतो. काही गोष्टी माझ्या नजरेतून सुटत असतील. पण नावाला भुलायची सवय मात्र नाही, कारण ती नावं मला मुळात माहीतच नसतात.

तर मी काय केलं, दोन्ही माहितीपत्रकं परीक्षण लिहायला घेतलेल्या पुस्तकासारखी वाचली. पुण्याच्या पत्रकात पहिली सहा पानं इमारत, कंपन्यांचे लोगो आणि हसणारी मुलं. सातव्या पानावर पेपरांची यादी. त्या यादीवर मी पेन्सिलीने एक साधा प्रयोग केला: प्रत्येक पेपरच्या नावातलं विशेषण खोडलं. ‘अप्लाइड’, ‘अॅडव्हान्स्ड’, ‘कंटेंपररी’, ‘ग्लोबल’, ‘डिजिटल’ सगळं गेलं. खाली उरलं ते सूक्ष्म अर्थशास्त्र, समष्टी अर्थशास्त्र, संख्याशास्त्राची ओळख, वित्तबाजार आणि दोन-तीन व्यवस्थापनाचे पेपर. इकॉनोमेट्रिक्स एकच, तेही तिसऱ्या सेमिस्टरला. गणिताचा स्वतंत्र पेपर नाही. प्रबंधाच्या जागी इंटर्नशिप. म्हणजे ‘स्पेशल’ जे होतं ते जवळपास सगळं मी खोडलेल्या शब्दांतच होतं.

आता घराजवळच्या एम.ए.चं कौतुक करेन असं वाटलं असेल, तर थांबा. त्या यादीत इकॉनोमेट्रिक्स ‘ऐच्छिक’ होतं, आणि ऐच्छिक या शब्दाचा व्यवहारातला अर्थ असा की पुरेशी मुलं आली तरच तो पेपर चालतो. मुलं गणिताला घाबरतात, सोपा पेपर निवडतात, आणि कठीण पेपर नुसताच छापलेला राहतो. जुन्या प्रश्नपत्रिका मागवून पाहिल्या. ‘सविस्तर लिहा’, ‘टीपा लिहा’, ‘फरक स्पष्ट करा’. एकही प्रश्न असा नाही की ज्यात आकड्यांचा तक्ता दिलाय आणि विचारलंय, बाबा, यातून काय म्हणता येईल आणि काय म्हणता येणार नाही. दोन वर्षं अशा प्रश्नांची उत्तरं लिहिलेला विद्यार्थी पीएच.डी.च्या मुलाखतीत बसतो तेव्हा काय होतं, ते मी शेजारच्या खुर्चीवरून पाहिलेलं आहे.

दोन्ही पत्रकांत एकच खोट आहे. विषय कोणते शिकवतो हे दोन्ही सांगतात. मोजायला काय शिकवतो, हे दोघंही सांगत नाहीत. अर्थशास्त्रातलं स्पेशलायझेशन, शेतीचं असो, आरोग्याचं असो की वित्ताचं, शेवटी एका विशिष्ट गोष्टीचं नीट मोजमाप करता येण्यावर येऊन थांबतं. हे माझं मत आहे आणि संख्याशास्त्रवाल्याचा पक्षपात त्यात असणारच. पण सातारा-सांगलीच्या मुलांना तरी ते पटायला हरकत नाही, कारण याचे पुरावे आपल्याच भागात पडलेले आहेत.

पुण्यातली गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था तुम्हाला ऐकून माहीत असेल. ती १९३० साली निघाली. पैसे दिले साताऱ्याच्या रावबहादूर रा. रा. काळे यांनी, भारत सेवक समाजाकडे देणगी म्हणून. काळे तेव्हा साताऱ्याचे, कायदेमंडळाचे सभासद. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ, केंब्रिजला शिकून आलेले. साताऱ्यात ज्यांच्या नावाचं कॉमर्स कॉलेज आहे, तेच. या संस्थेच्या सुरुवातीच्या प्रकाशनांत वाई तालुक्यातल्या शेती-व्यवसायाची पाहणी आहे, १९४० ची. शेती हा एक व्यवसाय आहे आणि त्याचा जमाखर्च मांडता येतो, असं धरून तालुकाभरातल्या शेतांचा हिशेब मांडायचा, हे काम ‘अॅग्रिबिझनेस इकॉनॉमिक्स’ नावाची पदवी निघण्याच्या कित्येक दशकं आधी वाईत झालेलं आहे. संस्थेच्या ग्रंथालयाने जुनी बरीच पुस्तकं स्कॅन करून ऑनलाइन ठेवलीत. पुण्याला प्रवेश घ्या किंवा नका घेऊ, ती वाचायला फी लागत नाही.

दुसरा पुरावा खटाव तालुक्यातला. बुध गावात १९११ साली पांडुरंग वासुदेव सुखात्मे जन्मले. फर्ग्युसनमध्ये गणित, मग लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात संख्याशास्त्राची पीएच.डी., १९३६. भारतात परतल्यावर कृषी संशोधन परिषदेत त्यांनी जे काम उभं केलं, त्यावर माझं स्वतःचं पोट चालतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

देशात गहू किती पिकला, भात किती पिकला, हे कसं कळतं? पूर्वी गावकामगार नजरेने ‘आणेवारी’ लावायचे. त्याऐवजी चिठ्ठ्या टाकल्यासारखी शेतं निवडायची, निवडलेल्या शेतात ठरावीक मापाचा तुकडा दोरीने आखायचा, तेवढंच पीक कापायचं, झोडपायचं आणि वजन करायचं. याला पीक कापणी प्रयोग म्हणतात. आता प्रश्न असा की तुकडा केवढा घ्यायचा? लहान घेतला तर काम स्वस्त आणि झटपट. बंगालमध्ये महालनोबिस आणि त्यांचे सहकारी लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. सुखात्मे म्हणाले, लहान तुकडा उत्पादन फुगवून दाखवतो.

का, ते कागदावर करून बघा. समजा आखणाऱ्याचा हात थोडा सैल आहे आणि दोरीबाहेरची पाच सेंटीमीटरची पट्टी सगळ्या बाजूंनी चुकून आत येते. एक मीटर बाय एक मीटरचा तुकडा असेल तर तो १.१ बाय १.१ होतो, म्हणजे क्षेत्र १.२१. उत्पादन २१ टक्के जास्त दिसणार. आता १० बाय ५ मीटरचा तुकडा घ्या. तो १०.१ बाय ५.१ होतो, क्षेत्र ५० च्या जागी ५१.५१. चूक फक्त ३ टक्के. हात तेवढाच सैल, माणूस तोच. फरक पडला तो क्षेत्राच्या मानाने कडा किती लांब आहे याने. आणि ही चूक एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे अशी होत नाही. कडेवरचं भरघोस ताट दिसलं की माणूस ते आतच धरतो, त्यामुळे चूक नेहमी एकाच दिशेने होते. हजार शेतं घेतली म्हणून ती जात नाही. आज बहुतेक पिकांसाठी आपल्याकडे १० बाय ५ मीटरचाच तुकडा आखतात.

याचा अर्थशास्त्राशी काय संबंध? पीक विम्याशी आहे. शेताशेताचं नुकसान वेगवेगळं मोजत बसलं तर खर्च परवडत नाही, आणि ज्याचा विमा उतरलाय तो पिकाची काळजी कमी घेतो, अशी दुहेरी अडचण असते. त्यावर वि. म. दांडेकर यांनी १९७० च्या दशकात क्षेत्र-आधारित विम्याची मांडणी केली. दांडेकर म्हणजे गाडगीळांनंतरचे गोखले संस्थेचे संचालक. मांडणी अशी: एका परिसरातल्या सरासरी उत्पादनावर भरपाई ठरवायची. सरासरी उंबरठ्याखाली गेली तर त्या परिसरातल्या सगळ्या विमाधारकांना त्या प्रमाणात पैसे, माझं एकट्याचं शेत गेलं म्हणून वेगळे पैसे नाहीत. १९८५ ची सर्वंकष पीक विमा योजना याच पायावर उभी राहिली आणि २०१६ च्या पंतप्रधान पीक विमा योजनेचा मूळ सांगाडाही हाच. महाराष्ट्रात त्या परिसराचं नाव महसूल मंडळ.

आता दोन्ही गोष्टी जोडा. समजा एका मंडळात सोयाबीनचं उंबरठा उत्पादन हेक्टरी १००० किलो आहे, प्रत्यक्षात ८०० च पिकलं, आणि विमा संरक्षण ५०,००० रुपयांचं. भरपाई व्हायला हवी १०,०००. मोजमापाची चूक ३ टक्के असेल तर उत्पादन ८२४ दिसेल आणि भरपाई ८,८००. चूक २१ टक्के असेल तर ९६८ दिसेल आणि हातात पडतील १,६००. (आकडे सोयीसाठी मी घेतलेत, सूत्र खरं आहे.) एकाच मंडळातल्या, एकाच दुष्काळातल्या माणसाच्या खिशातले आठ हजार चारशे रुपये कमी झाले, आणि कारण काय, तर तुकडा लहान होता.

आता मला सांगा, हे शिकायचं तर कुठल्या पदवीला जाल? संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.त नमुना निवडीचं सूत्र मिळेल, विमा मिळणार नाही. माझ्या दोन वर्षांत मी एकदाही शेतात गेलो नाही, दोरी पहिल्यांदा हातात घेतली ती पीएच.डी.त. अर्थशास्त्राच्या एम.ए.त विम्याची टीप मिळेल, तुकडा मिळणार नाही. आणि जिथे दोन्ही थोडं थोडं मिळतं, त्या कृषी अर्थशास्त्राच्या एम.एस्सी.चा दरवाजा तुमच्यासाठी बहुधा आधीच बंद झालाय. हे दरवाजाचं प्रकरण फार जणांना उशिरा कळतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आपला सगळा भाग येतो, तिथे कृषी अर्थशास्त्रात एम.एस्सी. आहे. पण त्याला बी.एस्सी. कृषी किंवा त्या गटातली पदवी लागते. बी.ए. अर्थशास्त्रवाल्याला तिथे जागा नाही. म्हणजे दहावीनंतर सायन्स घ्यायचं की आर्ट्स, हा सोळाव्या वर्षी घेतलेला निर्णय एकविसाव्या वर्षी तुमचं स्पेशलायझेशन ठरवतो. विषय तोच, शेत तेच, आणि मध्ये भिंत. ही व्यवस्था मला सरळ चुकीची वाटते. पण तुम्हाला प्रवेश यंदा घ्यायचाय, म्हणून भिंत आहे असं धरूनच चालावं लागेल.

दुसरा दरवाजा गणिताचा. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत दोन पेपर असतात आणि त्यातला एक अख्खा गणिताचा. आयआयटींच्या ‘जॅम’ परीक्षेत २०२१ पासून अर्थशास्त्राचा पेपर आलाय, त्यातही गणित आणि संख्याशास्त्र भरपूर. रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये मुंबईत काढलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थाही त्याच जातीची. या संस्थांचं मला कौतुक आहे, पण एक तक्रारही आहे. बारावीनंतर गणित सुटलेल्या मुलाला हे दार चाळणीसारखं आहे. चाळणीतून पलीकडे गेलेल्यांत इंटिग्रेशन झरझर करणारे पुष्कळ भेटतात, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा कसा निघतो हे पाहिलेला एखाददुसराच.

आणि पाहिलेल्याला काय जास्त कळतं, तेही सांगतो. ‘सांगलीत हळद वधारली’ अशी बातमी येते. समजा एका दिवशी चांगल्या प्रतीची १०० क्विंटल हळद १५,००० ने गेली आणि मध्यम प्रतीची १०० क्विंटल ११,००० ने. सरासरी १३,०००. पुढच्या आठवड्यात दर तेच, पण चांगली १५० आणि मध्यम ५० आली. सरासरी १४,०००. दर कुणाचाच वाढला नाही, आवक बदलली. सांगलीच्या यार्डात माल नुसता सांगली जिल्ह्यातला नसतो, मराठवाड्यातून आणि शेजारच्या राज्यांतूनही येतो. तेव्हा ‘सांगलीचा दर’ म्हणजे सांगलीच्या शेतकऱ्याला मिळालेला दर असं म्हणता येतं का? हा पीएच.डी.चा प्रश्न होऊ शकतो. तो सुचायला यार्डात उभं राहावं लागतं, आणि सोडवायला इकॉनोमेट्रिक्स लागतं. दोन्ही एका जागी देणारं कॉलेज सापडलं तर त्याच्या पदवीचं नाव काय आहे हे बघू नका, अर्ज भरा.

मग असं कॉलेज ओळखायचं कसं? माहितीपत्रकावरून नाही, एवढं तर झालं. राज्यातल्या विद्यापीठांनी २०२३-२४ पासून पदव्युत्तरचा जो नवा आराखडा लावला, त्यात दोन वर्षांत ८८ क्रेडिट असतात. त्यातले ४ संशोधन पद्धतीला, ४ प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला किंवा फील्ड प्रोजेक्टला, आणि संशोधन प्रकल्पाला तिसऱ्या सेमिस्टरला ४ व चौथ्याला ६. म्हणजे कागदावर प्रत्येक कॉलेजात संशोधन आहे. साताऱ्यातही, सांगलीतही, पुण्यातही. त्यामुळे ‘तुमच्याकडे रिसर्च आहे का’ हा प्रश्न आता निरुपयोगी झालाय. विचारा की मागच्या वर्षीचे प्रकल्प कुठे ठेवलेत.

ही माझी सगळ्यात आवडती चाचणी. ग्रंथालयात जा आणि ते प्रकल्प मागा. दाखवायलाच तयार नसतील तर तुमचं उत्तर मिळालं. दाखवले तर निष्कर्ष वाचू नका, थेट परिशिष्टावर जा. प्रश्नावली जोडली आहे का? ती दुसऱ्या प्रकल्पातल्या प्रश्नावलीपेक्षा वेगळी आहे का? नमुना ‘५० शेतकरी’ असेल तर ते पन्नास कसे निवडले, हे एका वाक्यात तरी लिहिलंय का? ‘सोयीनुसार निवड’ असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा विद्यार्थ्याचे काका-मामा. एखादा आकडा पटत नाही, असं विद्यार्थ्याने स्वतःच कुठे कबूल केलंय का? असा एक जरी प्रकल्प सापडला, तर त्याच्या मार्गदर्शकाचं नाव वहीत लिहून घ्या. तुम्ही त्या माणसाकडे शिकायला जाताय, इमारतीकडे नाही.

दुसरं, विभागात कुणी केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणाचा किंवा घरगुती खर्च सर्वेक्षणाचा मूळ, कुटुंबनिहाय डेटा उघडलाय का, ते विचारा. तो फुकट मिळतो. पुस्तकातले तक्ते उतरवणं आणि कच्च्या डेटातून तोच तक्ता स्वतः काढणं, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. सरांनी ‘नाही, पण तुम्ही करा, आपण मिळून शिकू’ असं म्हटलं तरी मी ते चांगलं उत्तर धरेन. ‘त्याची गरज नाही’ हे वाईट उत्तर.

सातारा-सांगलीवाल्यांसाठी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. २०२१ पासून साताऱ्यात रयतची तीन कॉलेजं मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालंय. आसपासची बाकी कॉलेजं १९६२ पासूनच्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली, आणि त्यातली काही स्वायत्त, म्हणजे अभ्यासक्रम स्वतः ठरवणारी. त्यामुळे ‘एम.ए. अर्थशास्त्र’ या एकाच नावाखाली दोन-तीन वेगवेगळे अभ्यासक्रम पन्नास-साठ किलोमीटरच्या आत असू शकतात. एका ठिकाणी इकॉनोमेट्रिक्स सक्तीचं, दुसरीकडे ऐच्छिक. सिनियर जे सांगतात ते त्यांच्या वर्षाचं असतं, तुमच्या वर्षाचा अभ्यासक्रम वेबसाइटवरून उतरवून घ्या.

विशेषण नेहमी पोकळच असतं, असंही नाही. गोखले संस्थेत कृषी-आर्थिक संशोधनाचं केंद्र कित्येक वर्षं चालू आहे, तेव्हा तिथल्या शेतीविषयक पदवीच्या विशेषणामागे काहीतरी वजन आहे. विशेषण दिसलं की त्यामागे एखादं केंद्र, चालू पाहणी किंवा त्या विषयावर स्वतः लिहिणारी दोन माणसं आहेत का, ते बघा. त्याच वेळी नामांकित नावाला देवही करू नका. याच संस्थेत २०२४ मध्ये कुलगुरूंच्या पात्रतेवरून झालेला वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. प्रवेश घेण्याआधी संस्थेच्या गेल्या दोन वर्षांतल्या बातम्या वाचायला तासभर लागतो, तो द्यावा.

भाषेचंही बोलायला हवं. मराठी माध्यमातून बी.ए. केलेल्या मुलांना वाटतं की आपल्याला अर्थशास्त्र येत नाही, खरं तर त्यांना इंग्रजीतलं अर्थशास्त्र येत नसतं. मराठी अर्थशास्त्र परिषद आहे, तिचं ‘अर्थसंवाद’ आहे, तिथे मराठीत शोधनिबंध छापून येतात. पहिला निबंध तिथे लिहिण्यात कमीपणा अजिबात नाही. पण पीएच.डी.त वाचन इंग्रजीच राहणार, हेही लपवून उपयोग नाही.

यावर एक आक्षेप येणार आणि तो खरा आहे: “तुमचं सगळं संशोधनापुरतं ठीक, नोकरीचं काय?” ज्याला दोन वर्षांनी नोकरीच हवी आहे त्याच्यासाठी लोगोंची पानं निरर्थक नाहीत. त्याने त्या कंपन्यांनी किती मुलं, कुठल्या कामासाठी आणि किती पगारावर घेतली, हे लेखी मागावं. पण तुम्ही हे वाचताय म्हणजे तुम्हाला पीएच.डी. करायची आहे असं मी धरतो. आणि २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही धरले जातात, त्यामुळे त्या परीक्षेची तयारी कुठल्याही कॉलेजात करावीच लागणार आहे. अडीच लाख भरले म्हणून ती टळत नाही.

मिरजेच्या मुलीला मी फोनवर एवढंच सांगितलं की पुण्याच्या त्या पत्रकातल्या विशेषणासाठी वडिलांचे हळदीचे पैसे देऊ नकोस. घराजवळच्या कॉलेजात जाऊन आधी प्रकल्प बघ. तिथे एक जरी शिकवणारा माणूस सापडला तर एम.ए. तिथेच कर, आणि वाचलेल्या पैशांतला एक हिस्सा गणिताच्या शिकवणीला घाल. पहिल्या वर्षात बारावीचं कॅल्क्युलस आणि बी.एस्सी.चं संख्याशास्त्र पुरं करायचं, दुसऱ्या वर्षी ‘जॅम’ आणि सांख्यिकी संस्थेची परीक्षा द्यायची. मिळालं तर पुन्हा पदव्युत्तर करावं लागेल, दोन वर्षं जास्त जातील. हा तोटा आहेच आणि तो मी तिला गोड करून सांगितला नाही. तिच्या घरी पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकणं चालेल का, हे तिलाच माहीत.

काल तिचा मेसेज आला. ग्रंथालयात चौदा प्रकल्प मिळाले. नऊ जणांची प्रश्नावली शब्दशः एकच, फक्त गावाचं नाव बदललेलं. चार ठीक. एक तासगावच्या बेदाण्यावर: कोल्ड स्टोअरेजचं भाडं वजा केल्यावर थांबून विकणं खरंच परवडतं का, असा प्रश्न, आणि मागे बावीस पावत्यांच्या झेरॉक्स. त्या मुलाने शेवटी लिहिलंय की या पावत्या त्याला ज्यांनी दिल्या ते सगळे मोठे बागायतदार आहेत, त्यामुळे लहान शेतकऱ्याबद्दल त्याला यातून काही सांगता येत नाही. मार्गदर्शक बाईंचं नाव तिने वहीत लिहून घेतलंय. त्या सोमवारी भेटणार आहेत. पुण्याची फी भरायची शेवटची तारीख मात्र शनिवार आहे.